लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे का पडतं? आणि नाशिकची खरी वेळ कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या नाशकातला वाडा उतरवला तेव्हा आजोबांचं लंबकाचं घड्याळ गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आलं. हिवाळ्यात ते थोडं पुढे जातं आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं. दुरुस्तीवाला म्हणतो, "उन्हामुळे होतं, जुनी घड्याळं अशीच." हे खरं का? खरं असेल तर क्वार्ट्झच्या आधी अचूक वेळ मोजत तरी कशी? शिवाय मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी गच्चीवर केलेलं सूर्यघड्याळ मोबाइलपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त मागे दाखवतं, त्यात काय चुकलं?

दुरुस्तीवाला अर्धं खरं बोलतोय. उन्हाने लंबकाचं घड्याळ मागे पडतं, पण चार-पाच मिनिटं कधीच नाही.

हिशेब करून बघा. लंबकाला एका झोक्याला लागणारा वेळ त्याच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. लांबी एक टक्का वाढली तर वेळ अर्धा टक्का वाढतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत साधारण साडेअकरा भाग लांबतं. त्याचं अर्धं घ्या आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा. उत्तर येतं दर अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद. कांडी पितळेची असेल तर पाऊण सेकंदाहून थोडं जास्त, लाकडाची असेल तर पाव सेकंदाच्या आत. लंबक वीतभर असो की हातभर, हे आकडे तेच राहतात.

नाशकात मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीला जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो. घरातल्या भिंतीवर एवढा फरक पडत नाही, पण वरच्या मजल्यावरचा फ्लॅट तापतो म्हणून वीस अंश धरू. पोलादी कांडीला दिवसाला दहा सेकंद झाले. आठवड्याचं एक मिनिट आणि वर थोडे सेकंद. यापलीकडे जे काही मागे पडतंय त्याचा दोष उन्हाला देता येत नाही.

खरं तर तुमच्या घड्याळात हा आकडा याहूनही कमी असणार. लंबकाची चकती तिच्या खालच्या नटावर टेकलेली असते. गरम झाली की ती नटापासून वरच्या बाजूला फुगते, म्हणजे वजनाचा मध्य वर सरकतो. कांडी खाली वाढते, चकती वर वाढते. पंचवीस सेंटिमीटरची लाकडी कांडी आणि आठ सेंटिमीटर व्यासाची पितळी चकती असेल तर निम्म्याहून जास्त फरक तिथेच फिटतो. जुन्या जर्मन कारखान्यांनी भिंतीवरच्या घड्याळांना लाकडी कांड्या वापरल्या त्या फक्त स्वस्त म्हणून नाही. पावसाळ्याची दमट हवा लाकडाला बाधते, म्हणून त्यावर चांगलं वॉर्निश हवं. ते उडालं असेल तर पुन्हा मारून घ्या.

मग चार मिनिटं जातात कुठे? मी कोणत्या क्रमाने बघतो ते सांगतो. आधी काटे. मिनिटकाटा ज्या दाबावर धरलेला असतो तो सैल झाला की मशीन बरोबर चालतं आणि काटा मात्र घसरतो. हे ओळखायला लंबकाचे तासाभराचे ठोके मोजा. मोबाइलवर ठोके मोजणारी ॲप मिळतात, ती या कामाला पुरेशी आहेत. ठोके बरोबर आणि काटा मागे, असं असेल तर लंबकाला हात लावू नका. ठोकेच कमी पडत असतील तर चकतीखालचा नट बघा. आटे झिजलेले असले की चकती हळूहळू खाली उतरते. वीत-सव्वा वीत लांबीच्या लंबकात एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं. माझा पहिला संशय इथेच जातो, कारण हिवाळ्यात घड्याळ पुढे जातंय म्हणून घरातलं कोणीतरी नट फिरवतं, मग उन्हाळ्यात ते मागे पडतं आणि खापर हवेवर फुटतं.

त्यानंतर लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती. तिला वळ पडला असेल किंवा चीर गेली असेल तर बदला, ती फार महाग नसते. मग तेल. घरोघर शिवणयंत्राचं तेल घालायची पद्धत आहे, खोबरेल घातलेलीही पाहिली आहेत. असं तेल वर्ष-दोन वर्षांत राळेसारखं होतं, धूळ धरतं आणि चाकांच्या आसांची टोकं, म्हणजे पिव्हट, ज्यात फिरतात ती भोकं लांबट करतं. तिथे नुसतं साफ करून भागत नाही, भोकात बुश, म्हणजे बारीक नळ्या, बसवाव्या लागतात. अंबडच्या लेथवाल्यांकडून त्या मापात करून मिळतात. पुराचं पाणी लागलेलं मशीन असेल तर मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी मुख्य कमान, तीही काढून बघावी लागते. २००८ आणि २०१९ च्या पुरांनंतर सराफ बाजाराच्या बाजूची अशी बरीच घड्याळं दुरुस्तीला आली. वरून चकाचक, आत कमानीला गंजाचे खड्डे.

शेवटी भिंत. वाड्याची भिंत हातभर जाड होती, फ्लॅटमध्ये घड्याळ एका खिळ्यावर लोंबतंय. लंबकाबरोबर पेटीही किंचित डुलत असेल तर झोका मरतो. टिक आणि टिक यांच्यामधलं अंतर सारखं ऐकू यायला हवं. घड्याळ लंगडत चालत असेल तर पेटी बाजूला सरकवून ठोका समान करा आणि खाली दोन रबरी बटणं लावून ती भिंतीला टेकवा. चावी आठवड्याच्या ठरलेल्या वारीच द्या. कमान घट्ट असताना चाल वेगळी असते आणि उतरल्यावर वेगळी. वार एकच ठेवला की निदान प्रत्येक आठवडा सारखा जातो.

आता दुसरा प्रश्न. अचूक वेळ मोजायची तर चुकीचं एकेक कारण शोधून, त्याचा आकार मोजून, ते बाजूला काढायचं. आधीच्या पिढ्यांनी हेच केलं, आणि त्यातही ऊन-थंडीचा छळ पहिल्यापासून आहे. आपल्याकडचं घटिकापात्र घ्या. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं वाडगं पाण्यावर ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटका, २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा अहोरात्र, एका घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. लग्नात भटजी अजूनही पात्र मांडतात, मुहूर्त मात्र मोबाइल बघून धरतात, आणि त्यात गैर काही नाही. थंड पाणी जास्त चिकट असतं, बारीक भोकातून हळू शिरतं. म्हणजे पाण्याचं घड्याळ हिवाळ्यात मागे पडायचं, तुमच्या घड्याळाच्या अगदी उलट.

युरोपात चौदाव्या शतकापासून वजनावर चालणारी मनोऱ्यांवरची घड्याळं होती. त्यांच्यात आडवा दांडा मागे-पुढे हलायचा आणि त्याला स्वतःची अशी ठरलेली लय नव्हती. जोर कमी-जास्त झाला की चाल बदलायची. दिवसाला पाव तासाची चूक हे चांगलं घड्याळ समजलं जाई, म्हणून बहुतेकांना मिनिटकाटा नसायचाच. लंबक वापरावा ही कल्पना म्हातारपणी गॅलिलिओने मुलाला सांगितली होती, पण चालतं घड्याळ १६५६ मध्ये ख्रिस्तिआन हायगेन्सने जुळवलं. हेगचा कारागीर सॉलोमन कॉस्टर याने पुढच्या वर्षी ती घड्याळं करायला घेतली. पंधरा मिनिटांची चूक पंधरा सेकंदांच्या आसपास आली. घड्याळाच्या इतिहासात एका फटक्यात झालेली एवढी मोठी सुधारणा क्वार्ट्झपर्यंत दुसरी नाही, असं माझं मत.

चूक सेकंदांत आल्याबरोबर एक भलतीच गोष्ट उघडी पडली. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं त्याचं घड्याळ विषुववृत्ताजवळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथेही पहिला शक तुमच्या दुरुस्तीवाल्यासारखाच, उन्हाने कांडी लांबली असेल. न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात या नोंदी तपासल्या आणि उष्णतेने एवढा फरक पडू शकत नाही असं मांडलं. खरं कारण होतं गुरुत्व. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आणि मध्यावर फुगीर आहे, शिवाय फिरतेही, त्यामुळे विषुववृत्तावर ओढ कमी पडते आणि लंबक सावकाश हलतो. पृथ्वीचा आकार कळण्यात मागे पडणाऱ्या एका घड्याळाचा एवढा वाटा आहे.

हेच आपल्या घाटातही होतं. मुंबई समुद्रसपाटीला, नाशिक सुमारे ६०० मीटरवर. मुंबईत बरोबर लावलेलं घड्याळ कसारा घाट चढून इथे आणलं की दिवसाला काही सेकंद मागे पडतं. नट अगदी किंचित वर फिरवला की काम झालं, पण गिऱ्हाईक म्हणतं गाडीत हादरे बसले.

गुरुत्वाला इलाज नव्हता, उष्णतेला होता. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमने १७२१ च्या सुमारास चकतीच्या जागी पाऱ्याची बरणी लावली. कांडी खाली लांबली की पारा बरणीत वर चढतो. जॉन हॅरिसनने १७२६ च्या आसपास दुसरी वाट काढली. हा माणूस मूळचा सुतार, कोणाही नामांकित घड्याळजीच्या हाताखाली शिकलेला नाही. त्याने पोलादाच्या पाच आणि पितळेच्या चार कांड्या एकाआड एक अशा अडकवल्या की पोलाद चकतीला खाली ढकलतं आणि पितळ तेवढंच वर उचलतं. पितळ पोलादापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट लांबतं, म्हणून लांब्यांचं प्रमाण जमवलं की बेरीज शून्य येते. आपली घड्याळं महिन्याला सेकंदापेक्षा जास्त चुकत नाहीत असा त्याचा दावा होता.

तुमच्या घड्याळाच्या लंबकावर अशी पितळी-पोलादी कांड्यांची जाळी असेल तर लगेच हुरळून जाऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन कारखान्यांनी नुसत्या शोभेच्या जाळ्या लावलेले लंबक खंडीने विकले. त्या कांड्या दोन्ही टोकांना पक्क्या असतात, काहीच सरकत नाही. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात असा लंबक 'खास इंग्लिश' म्हणून भाव खातो. खरी जाळी असेल तर एकाआड एक कांड्या आडव्या पट्टीतून मोकळ्या जातात. भिंग लावलं की दिसतं.

हॅरिसनचं मोठं काम मात्र लंबकाचं नव्हे. डोलत्या जहाजावर लंबक चालत नाही, आणि समुद्रात आपण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत हे वेळेशिवाय कळत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. बंदराची वेळ घड्याळात असेल आणि जहाजावरचं मध्यान्ह सूर्यावरून काढलं तर फरकावरून रेखांश निघतो. १७०७ मध्ये सिली बेटांजवळ इंग्लंडच्या आरमाराची जहाजं खडकांवर फुटली, शेकडो माणसं गेली. १७१४ मध्ये तिथल्या संसदेने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढणाऱ्याला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं, आणि सहा आठवड्यांच्या प्रवासाला दिवसाकाठी तीन सेकंदांची मुभा.

लंबक नाही म्हटल्यावर उरतं मागे-पुढे फिरणारं बॅलन्सचं चाक आणि त्याला परत ओढणारी केसासारखी बारीक बालकमान. इथे उष्णता फार वाईट वागते. पोलादी बालकमान गरम झाली की तिचा ताठपणाच कमी होतो. साध्या बॅलन्सचं घड्याळ दर अंशाला दिवसाकाठी दहा-बारा सेकंद मागे पडतं, लंबकाच्या वीस पट. हॅरिसनने पितळ आणि पोलाद एकमेकांना जोडून केलेली पट्टी वापरली, जी तापली की वाकते आणि बालकमानीची कामाची लांबी आपोआप बदलते. गीझर-इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली पट्टी तीच. त्याची पहिली तीन यंत्रं अवजड होती, तिसऱ्यावर तर त्याने १९ वर्षं घालवली. १७५९ मध्ये पुरं झालेलं चौथं मात्र मोठ्या खिशातल्या घड्याळाच्या घाटाचं, सुमारे १३ सेंटिमीटर रुंद. १७६१ च्या शेवटी ते जमैकाच्या प्रवासाला निघालं. तिथे पोचल्यावर, त्याची नेहमीची चाल धरून, चूक निघाली पाच सेकंदांची. बक्षिसाचे पैसे सुटायला पुढे राजापर्यंत जावं लागलं, ते प्रकरण वेगळं.

पुढचं भराभर सांगतो. १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोमला लोखंड आणि निकेलचा असा मिश्रधातू सापडला जो तापला तरी जवळजवळ लांबतच नाही. त्याचं नाव इन्व्हार. १९२० चं भौतिकीचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. नोबेल मिळालेल्या संशोधनाचा उपयोग थेट घड्याळाच्या कांडीला, ही गोष्ट आम्हा लोकांना फार आवडते. १९२१ मध्ये विल्यम शॉर्टने इन्व्हारचा लंबक हवा काढलेल्या टाकीत मोकळा सोडला आणि काटे हलवायचं काम दुसऱ्या घड्याळाला दिलं. चूक वर्षाला सेकंदाच्या आसपास आली. लंबकाची धाव तिथे संपली. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसनने क्वार्ट्झचं, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर वेळ मोजणारं, घड्याळ चालवलं, आणि पुढच्या दशकात अशाच घड्याळांनी दाखवलं की खुद्द पृथ्वी ऋतूप्रमाणे मिलिसेकंदांनी मागे-पुढे होते.

मनगटावर क्वार्ट्झ १९६९ च्या नाताळात जपानमध्ये सायकोने आणलं. आजच्या घड्याळातलं स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतं, कारण ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो. हे स्फटिकही उन्हापासून सुटलेलं नाही. ते २५ अंशांना सगळ्यात बरोबर चालतं आणि त्याहून गरम किंवा गार, दोन्हीकडे मागेच पडतं. चाळीस अंशांना दिवसाला साधारण दोन तृतीयांश सेकंद. तुमच्या स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं घड्याळ मे महिन्यात वीसेक सेकंदांनी मागे गेलं तर सेलला दोष देऊ नका.

१९५५ मध्ये इंग्लंडमध्ये एसेन आणि पॅरी यांनी सीझियम या धातूच्या अणूंवर चालणारं अणुघड्याळ चालवलं. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूच्या लहरींच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशाच घड्याळांवर सांभाळते. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. कसारा घाट चढून आलेलं लंबकाचं घड्याळ मागे पडतं, पण अणुघड्याळ तोच घाट चढलं तर पुढे जातं, दिवसाला पाच-सहा नॅनोसेकंद. लंबकाला ओढ कमी मिळते म्हणून तो सुस्तावतो. अणूच्या बाबतीत उंचीवर वेळच थोडी वेगाने जाते, आइन्स्टाइनने सांगितली तशी.

राहिलं सूर्यघड्याळ. मुलीचं बहुधा काहीच चुकलेलं नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, नाशिक ७३.८ अंशांवर. फरक ८.७ अंशांचा, अंशाला चार मिनिटं धरली की ३५ मिनिटं होतात. मोबाइलवर १२ वाजतात तेव्हा नाशिकचा सूर्य सरासरीने ११:२५ लाच असतो. ही ३५ मिनिटं कागदावर आहेत. १ जानेवारी १९०६ ला एकच प्रमाणवेळ लागू होण्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची, म्हणजे नाशिकच्या सूर्यापेक्षा २६ मिनिटं पुढे, आणि मुंबईची वेळ इथल्या सूर्यापेक्षा चार मिनिटं मागे. मुंबईकरांनी तर प्रमाणवेळ आल्यावरही आपली ३९ मिनिटं मागची वेळ शहराच्या कारभारात १९५५ पर्यंत सोडली नाही.

यावर आणखी एक दुरुस्ती लागते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि आस कललेला, म्हणून सूर्याचा दिवस बरोबर २४ तासांचा नसतो. फरक साठत जाऊन फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. त्यामुळे नाशकात सूर्य माथ्यावर यायची वेळ फेब्रुवारीत १२:४९ आणि नोव्हेंबरात १२:१८ इतकी बदलते. जयपूरचं सम्राट यंत्र हे २७ मीटर उंच सूर्यघड्याळ दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा दाखवतं, पण प्रमाणवेळ हवी तर त्यालाही ही बेरीज-वजाबाकी चुकत नाही.

या दुरुस्त्या करूनही पाच मिनिटांहून जास्त फरक उरला तर दोन गोष्टी तपासा. सावली पाडणारी काठी किंवा त्रिकोण नाशिकच्या अक्षांशाइतका, म्हणजे आडव्या पातळीपासून २० अंश उचललेला हवा. इंटरनेटवरून उतरवलेले नमुने बहुधा युरोपच्या ५० अंशांचे असतात, त्यांच्या तासांच्या रेघाही इथे लागू पडत नाहीत. दुसरं, उत्तर दिशा गच्चीवर होकायंत्राने धरू नका, स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात. सरळ उभ्या काठीची सगळ्यात आखूड सावली पडते ती रेघ उत्तर-दक्षिण, ती आखून घ्या. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांना सूर्याची दुरुस्ती जवळजवळ शून्य असते. त्यातल्या एखाद्या दिवशी लावलं तर सूर्यघड्याळात फक्त ३५ मिनिटं मिळवायची आणि मोबाइलशी ताडून बघायचं.